फरशीखालचा कोबा वाळला आहे का?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, तर धोका पातळी 45 फूट मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले आणि गावभागासह शहराचा मोठा भाग जलमय झाला. पूर ओसरला तेव्हा महिना निम्मा सरला होता आणि 2 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा सुमारे 55 फुटांवर पोचले. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला बसले. सणापूर्वी घराची जमीन नवी व्हावी, ही इच्छा स्वाभाविकच. परंतु दोन-तीन आठवड्यांत जुनी फरशी उखडून, नवा कोबा करून त्यावर टाइल्स बसविणे हे कोब्याच्या स्वभावाला मानवणारे नाही. घाईत बसविलेल्या टाइल्स पहिला उन्हाळा कसाबसा काढतात. मग एखाद्या दुपारी मोठा आवाज होऊन खोलीच्या मध्यभागी चार टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. दोष बहुधा टाइल्सना दिला जातो. वस्तुतः तो खालच्या थरात असतो.

सिमेंट पक्के होणे आणि वाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. कोबा घातल्यावर त्यावर आळे करून सात ते दहा दिवस पाणी धरले जाते. या काळात सिमेंट पाणी शोषून घट्ट होते आणि ते आवश्यकच आहे. मात्र मिश्रणातील सर्व पाणी सिमेंटला लागत नाही. उरलेले पाणी वाफेच्या रूपाने वरच्या बाजूने निघून जावे लागते. चांगल्या हवेत दर मिलिमीटर जाडीस सुमारे एक दिवस, असा ढोबळ हिशेब बांधकामात धरतात, 50 मि.मी. जाडीनंतर हा वेग आणखी मंदावतो. म्हणजे दोन इंची कोब्याला पाणी मारणे थांबविल्यानंतर दीड-पावणेदोन महिने हवेत. वरून पांढरा, कोरडा दिसणारा कोबा आत ओलाच असू शकतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा हिशेबही एकसारखा लागू पडत नाही. महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोयना खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की कोब्यातील पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही. तेथे पावसाळ्यातले दिवस वाळण्याच्या हिशेबात धरू नयेत, हे उत्तम. याउलट जत, आटपाडीकडे एप्रिलच्या वाऱ्यात कोबा इतक्या झपाट्याने सुकतो की तो पक्का होण्यापूर्वीच केसासारख्या भेगा पडतात. अशा वेळी पहिला आठवडा ओली पोती किंवा प्लॅस्टिक अंथरून तो झाकून ठेवणे हाच उपाय.

कोब्याखाली काय आहे, हा प्रश्न त्याआधीचा. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकल्यास जमीन वर्षातून दोनदा हलते. म्हणून ती शक्य तितकी काढून मुरूम भरावा, थरागणिक पाणी मारून धुमसावा, त्यावर दगडी सोलिंग आणि मग काँक्रीट करावे, ही येथील गवंड्यांची जुनी आणि योग्य रीत आहे. पूर येणाऱ्या भागात काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिक अंथरल्यास जमिनीतील ओल वर चढण्यास अटकाव होतो. पुरात बुडालेल्या जुन्या फरशीखाली वाळूमिश्रित मालाचा थर असेल, तर त्यात पाणी आणि गाळ दीर्घकाळ साचून राहतो. नाण्याने ठोकून पोकळ आवाज येणारा भाग काढून टाकावा. ‘वरून टाइल्सवर टाइल्स’ हा स्वस्त पर्याय अशा घरात महागात पडतो.

कोबा वाळला की नाही, हे घरमालकालाही अजमावता येते. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर टाइल्सची वेळ आलेली नाही. अधिक खात्रीसाठी कोब्याचा नमुना खरवडून बंद बाटलीत कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवतात. निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबावरून ओलावा कळतो. युरोपात सिमेंटच्या कोब्यासाठी तो साधारण 2 टक्क्यांच्या आत असावा लागतो.

ओलाव्याइतकाच उष्णतेचाही विचार करावा लागतो. सिमेंटचा पाच मीटर लांब थर 20 अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे एक मिलिमीटरने वाढतो. टाइल त्याहून कमी वाढते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन येणाऱ्या दिवाणखान्यात हा फरक टाइलखालच्या सांध्यावर रोज ताण आणतो. म्हणून भिंतीच्या कडेने आठ-दहा मिलिमीटरची मोकळी फट सोडावी. ती पुढे स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे रूप बिघडत नाही. पण ही फट सिमेंटने बुजविण्याचा मोह आवरत नाही, आणि तेथेच तंबूची पायाभरणी होते.

या सगळ्याची खरी परीक्षा होते ती मुद्दाम तापविल्या जाणाऱ्या जमिनीत. ही कल्पना जुनी आहे. रोमन स्नानगृहांत फरशीखालून गरम हवा फिरवीत, आणि काश्मीरमधील मशिदींच्या हमामांत आजही दगडी लाद्यांखाली लाकडे जाळली जातात. आधुनिक पद्धतीत कोब्यात नळ्यांचे वेटोळे टाकून गरम पाणी खेळवितात. सांगलीच्या हवेत याची गरज नाही. परंतु वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठविणारी थंडी अनुभवणाऱ्या महाबळेश्वरात कोणाला ही हौस करावीशी वाटली, तर युरोपीय शिस्त माहीत असावी.

तेथे नळ्यांखाली उष्णतारोधक थर असतो. कोबा ओततानाही नळ्यांत पाणी दाबाखाली ठेवतात, म्हणजे गळती त्याच क्षणी कळते. भिंतीलगत मऊ पट्टी लावतात. एकसंध भाग 40 चौरस मीटरहून आणि बाजू आठ मीटरहून मोठी होऊ देत नाहीत. दाराच्या उंबरठ्याशी सांधा येतोच. कोबा किमान 21 दिवसांचा झाल्यावर, टाइल्स बसविण्यापूर्वीच, त्यात प्रथम 20 ते 25 अंशांचे पाणी तीन दिवस आणि नंतर कमाल नियोजित तापमानाचे पाणी निदान चार दिवस फिरवितात; मग ते टप्प्याटप्प्याने उतरवितात. उरलेला ओलावा निघून जावा आणि पडायच्या त्या भेगा टाइल्स बसण्याआधीच पडाव्यात, हा त्यामागील हेतू. टाइल्स बसविताना तापन बंद असते. पुढे वापरातही बैठकीच्या जागी फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांहून अधिक तापू देत नाहीत.

कोब्यातील सांधा वरच्या टाइल्समध्येही त्याच रेषेत यायला हवा. टाइल त्यावरून आडवी नेली तर ती तडकणारच. चिकटविण्यासाठी साध्या सिमेंटऐवजी थोडा लवचीक राहणारा चिकट माल घ्यावा. भारतीय मानक 15477 नुसार टाइल्सच्या चिकट मालाचे प्रकार ठरविलेले आहेत आणि पिशवीवर तसा उल्लेख असतो. माल पाच ठिकाणी गोळे ठेवून नव्हे, तर दातेरी थापीने सर्वत्र पसरून लावावा. व्हिट्रिफाईड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिच्या पाठीवर साधी सिमेंटची स्लरी नीट धरत नाही, हेही येथे महत्त्वाचे. दोन टाइल्समध्ये किमान दोन मिलिमीटरची फट असावी. ‘जॉइंट दिसता कामा नये’ असा हट्ट धरणाऱ्या घरमालकाला गवंडी सहसा नकार देत नाही. तो द्यायला हवा.

काम झाल्यावर तीन-चार दिवसांनी नाणे घेऊन प्रत्येक टाइलचे चारही कोपरे ठोकून पाहावेत, आणि पोकळ आवाजाच्या टाइल्सवर खडूने खूण करून त्या ग्राउट भरण्यापूर्वीच बदलून घ्याव्यात.