बर्फ गिरमिट

बर्फ गिरमिट हे गोठलेल्या सरोवराच्या किंवा नदीच्या पृष्ठभागावरील बर्फाला आरपार गोल भोक पाडण्याचे साधन आहे. या भोकातून गळ पाण्यात सोडून मासे धरतात. बर्फावरील अशी मासेमारी उत्तर अमेरिका, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, रशिया इत्यादी थंड प्रदेशांत प्रचलित आहे. गिरमिट हाताने, पेट्रोल इंजिनाने किंवा विजेच्या मोटरने फिरवले जाते. एकविसाव्या शतकात लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या साध्या हात-ड्रिलला गिरमिट जोडण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत ड्रिलची योग्य निवड महत्त्वाची ठरते. कारण लाकूड वा पत्र्यासाठी पुरेसे असणारे ड्रिल जाड बर्फात अडकू शकते, जळू शकते किंवा वापरणाऱ्याच्या मनगटास इजा करू शकते.

रचना

गिरमिटाच्या मध्यभागी पोलादी दांडा असतो व त्याभोवती मळसूत्राच्या आकाराची पट्टी गुंडाळलेली असते. टोकाला धारदार पाती असतात. पाती बर्फ कापतात आणि पट्टी त्याचा चुरा वर आणून टाकते. ड्रिलवर चालवायच्या गिरमिटात वजन कमी राखण्यासाठी ही पट्टी अनेकदा प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची असते. दांड्याचे वरचे टोक ड्रिलच्या चकमध्ये पकडले जाते.

इतिहास

हाताने फिरवायची गिरमिटे दीर्घकाळ वापरात आहेत. स्वीडनमधील मोरा येथील गिरमिटे विशेष प्रसिद्ध आहेत. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. त्या काळच्या बॅटऱ्यांची शक्ती बर्फ कापण्यास अपुरी होती. २००५ च्या सुमारास हत्यारांमध्ये लिथियम-आयन बॅटरी आली आणि पुढे ब्रशलेस मोटरचा प्रसार झाला. त्यानंतरच हात-ड्रिल हे पेट्रोल इंजिनाला व्यवहार्य पर्याय ठरले.

ड्रिलची निवड

व्होल्ट आणि टॉर्क: खोक्यावर छापलेल्या व्होल्टच्या आकड्यावरून ड्रिलची क्षमता पूर्णपणे कळत नाही. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत बहुधा सारखेच पाच घट एका ओळीत असतात. पहिला आकडा सरासरी दाबाचा, तर दुसरा पूर्ण भारित अवस्थेतील दाबाचा निदर्शक आहे. बर्फासाठी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अधिक महत्त्वाचा असतो. १५ ते २० सेंटीमीटर व्यासाच्या गिरमिटासाठी साधारणतः ७०० इंच-पौंड, म्हणजे सुमारे ८० न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक टॉर्कचे ब्रशलेस ड्रिल योग्य मानले जाते.

गिअर: ड्रिलला सहसा दोन गिअर असतात. मंद गतीच्या पहिल्या गिअरमध्ये जोर अधिक मिळतो, म्हणून मोठ्या गिरमिटासाठी तोच वापरतात. क्लचचे कडे ‘ड्रिल’ खुणेवर ठेवावे लागते. अन्यथा भार वाढताच क्लच सुटतो. भिंतीसाठी उपयुक्त असलेली हॅमरची सोय येथे बंद ठेवली जाते, कारण बर्फ ठोक्यांनी फोडायचा नसून पात्याने कापायचा असतो.

भोकाचा व्यास: काढावयाच्या बर्फाचे आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० सेंटीमीटर जाडीच्या बर्फात १५ सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडताना सुमारे ९ लिटर बर्फ कापला जातो. २० सेंटीमीटर व्यासासाठी हे प्रमाण सुमारे १६ लिटर होते. व्यास एकतृतीयांशाने वाढला तरी काम पावणेदोन पटींहून अधिक वाढते. त्यामुळे लहान मासे धरण्यासाठी लहान गिरमिट वापरल्यास एका बॅटरीत अधिक भोके पडतात आणि मोटरही कमी तापते.

बॅटरी: १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे ९० वॉट-तास ऊर्जा साठते. अधिक क्षमतेच्या बॅटरीत घटांच्या समांतर ओळी जास्त असल्याने ती मोठा विद्युतप्रवाहही सहज पुरवते. म्हणून त्याच ड्रिलला लहान बॅटरी लावल्यास ते भाराखाली लवकर थांबते.

चक आणि मूठ: १३ मिलिमीटरचा धातूचा चक आणि बाजूची लांब मूठ आवश्यक समजली जाते. ड्रिल उलट फिरवल्यास चावीविरहित चक सैल होऊन गिरमिट पाण्यात पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी दांड्याच्या वरच्या भागात भोकापेक्षा मोठी चकती बसवतात.

थंडीचा परिणाम

शून्याखालील तापमानात लिथियम-आयन घटांचा अंतर्गत विरोध वाढतो आणि उपलब्ध ऊर्जा घटते. ऊब मिळाल्यावर ही घट बहुतांशी भरून निघते. म्हणून सुटी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात किंवा उष्णतारोधक डब्यात ठेवली जाते. गोठलेली बॅटरी चार्ज केल्यास मात्र घटात धातुरूप लिथियमचा थर साचून तिची क्षमता कायमची घटू शकते. ती आधी खोलीच्या तापमानाला आणणे आवश्यक असते.

सुरक्षितता

पाती बर्फाच्या तळाशी पोहोचतात तेव्हा ती कडेला अचानक अडकतात आणि ड्रिलला उलट झटका बसतो. जितका टॉर्क अधिक, तितका झटका मोठा. त्यामुळे जोरदार ड्रिल एका हाताने चालवणे धोक्याचे असते. काही जण गिअर असलेल्या जोडपट्टीवर ड्रिल बसवून ती दोन्ही हातांनी धरतात.

गिरमिटाचा पहिला उपयोग मासेमारीसाठी नसून बर्फाची जाडी तपासण्यासाठी होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी चालण्यासाठी किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर, नवा व पारदर्शक बर्फ हवा. बर्फ पांढरा असेल तर ही जाडी दुप्पट धरतात. एकाच सरोवरात जाडी ठिकठिकाणी वेगळी असल्याने पुढे जाताना पुन्हा पुन्हा भोक पाडून तपासणी केली जाते. हलके ड्रिल सोबत असल्यास ही तपासणी टाळली जात नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात पाणवठे गोठत नसल्याने बर्फ गिरमिटाचा वापर होत नाही. वसईच्या किनाऱ्यावरील पाचूबंदर, नायगाव आणि अर्नाळा येथील मच्छीमारांना बर्फ लागतो तो मासळी टिकवण्यासाठी. कारखान्यातील लाद्या फोडून तो चुरा बोटीत भरतात. बॅटरीवरील ड्रिल मात्र गोखिवरे, वालीव, सातिवली या वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात परिचयाचे हत्यार आहे. रोपांसाठी खड्डे घेणारे जमीन गिरमिट याच तत्त्वावर चालते. त्यातही दगड लागल्यास असाच झटका बसतो.

बर्फाला भोके पाडण्याचे वैज्ञानिक काम गोव्यातील वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राशी निगडित आहे. या केंद्राने २०१६ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे ‘हिमांश’ हे संशोधन स्थानक सुरू केले. हिमनद्यांचे वितळणे मोजण्यासाठी बर्फात काठ्या रोवल्या जातात. प्राचीन हवामानाच्या अभ्यासात मात्र बर्फाचा चुरा न करता अखंड दंडगोल बाहेर काढणारे पोकळ ड्रिल वापरतात. बर्फ गिरमिट आणि हे उपकरण यांतील मुख्य फरक हाच आहे.

हे सुद्धा पहा

ड्रिल यंत्र
लिथियम-आयन बॅटरी
टॉर्क
हिमनदी