रिकामी बाटली आणि पाटोद्याचं पाणी

माझ्या लहानपणी पाटोद्याकडच्या घरांत एक तपकिरी बाटली हमखास असायची. गळ्याला सुतळी, तोंडाला चिंधीचा बोळा, आत रेशनचं रॉकेल. तशीच दुसरी गोठ्यात, बैलाला औषध पाजायला. दोन्ही बाटल्या बिअरच्या, पण त्या घरात बिअर कुणी प्यायलेलं नसायचं. आठवडी बाजारात रिकामी बाटली घेताना आजी ती उन्हात धरायची, बुडावर टिचकी मारायची, तोंडाच्या काठावरून बोट फिरवायची. कपची उडालेली असली की बाटली बाजूला. पुढे वाचनात आलं, की घरी बिअर करणारे लोक जिथे कुठे आहेत तिथे बाटली निवडताना नेमकं हेच करतात. फरक इतकाच, की आजीच्या बाटलीला आतून ढकलणारं कुणी नव्हतं.

आपला विषय हे आतून ढकलणंच आहे. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू होतो. घरी बिअर करणारा आंबण्याची क्रिया पूर्ण होऊ देतो आणि बाटली भरताना पुन्हा थोडी साखर घालतो, लिटरला साधारण ६-७ ग्रॅम. बूच घट्ट असल्याने नव्याने तयार झालेला वायू पेयात विरघळतो आणि फेस येतो. २० अंशांच्या खोलीत अशा बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या आसपास जातो. बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो आणखी बराच चढतो. साखर हात सैल सोडून पडली, किंवा आधीचं आंबणं अर्धवट राहिलं, तर बाटलीचा बॉम्ब होतो. म्हणून जाड बुडाची बाटली, पत्र्याचं दातेरी बूच बसेल असा गळा, चरा नाही, तडा नाही. भरल्यावर उभी ठेवायची, अंधारात, गार जागी, आणि खोक्यात. म्हणजे एखादी फुटलीच तर काचा उडत नाहीत.

ही अक्कल युरोपला फुकट मिळालेली नाही. सोळाव्या शतकातल्या अलेक्झांडर नॉवेल या लंडनच्या धर्मगुरूची एक दंतकथा आहे. मासे धरायला गेलेला हा गृहस्थ बिअरची बाटली नदीकाठच्या गवतात विसरला. काही दिवसांनी सापडल्यावर उघडायला गेला, तर बंदुकीसारखा बार झाला. थॉमस फुलरने १६६२ साली छापलेल्या पुस्तकात ती आहे. खरी असो-नसो, त्या काळी बंद बाटलीतला वायू लोकांना किती नवा होता ते तिच्यातून दिसतं. तेव्हाची काच पातळ आणि ठिसूळ होती. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लाकडाऐवजी दगडी कोळशावर काचेच्या भट्ट्या चालू लागल्या, उष्णता वाढली आणि जाड, गडद, दाब सोसणारी बाटली निघाली. १८४५ साली तिथला काचेवरचा कर गेला आणि बाटली स्वस्त झाली. १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट घेतलं आणि १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्सचं यंत्र माणसाच्या फुंकरीशिवाय बाटल्या ओतू लागलं.

मग आपल्याकडे काय होतं? आंबवलेलं पेय होतंच. मराठवाड्यात शिंदी होती. पण शिंदी झाडावरून उतरल्यापासून आंबतच राहते, थांबत नाही. ती बुचात कोंडणं म्हणजे वर सांगितलेला बॉम्ब करणं. म्हणून तिचं भांडं मडकं, उघड्या तोंडाचं, आणि तिचं आयुष्य एका दिवसाचं. जिथे पेय झाडाखालीच संपतं तिथे बाटलीची गरज पडत नाही. बाटली लागते ती पेय टिकवायचं असेल किंवा लांब न्यायचं असेल तर.

किंवा मोजायचं असेल तर. इथे सरकार येतं. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरगुती गाळप गुन्हा ठरलं. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं बाळगण्यावरसुद्धा बंधन आलं. पाटोदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथेही अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. मक्तेदार बदलले, हिशेब तोच राहिला: मडक्यातलं पेय मोजता येत नाही, सीलबंद बाटलीतलं येतं. १९४९ चा दारूबंदी कायदा मुंबई राज्याचा. १९५६ साली मराठवाडा त्या राज्यात आला आणि पुढे तो कायदा इथेही लागू झाला. आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हाच आहे. त्यामुळे बाटली भरायचं ज्ञान आपल्या घरांत कधी रुजलंच नाही. रुजलं ते रिकामी बाटली निवडायचं.

रिकामी बाटलीसुद्धा सहज मिळत नव्हती, कारण काच बाहेरून यायची. म्हणून स्वदेशीच्या चळवळीत काचेला मान होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे त्या पैशातून काच कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात परदेशी माल अडला, तेव्हा १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा कारखाना उभा राहिला. त्याचा प्रभाकर कंदील मराठी घरांत पोहोचला आणि त्या कंदिलाचं रॉकेल बाटलीत राहू लागलं.

बिअरच्या बाटलीचा रंगही असाच दुसऱ्याच्या कामी आला. बिअरमधल्या हॉप्सच्या कडू द्रव्यावर उजेड पडला की कुबट वास सुटतो. तपकिरी काच हा उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजातल्या बायकांनी हे रसायनशास्त्र न शिकता ओळखलं. त्यांचा वर्षाचा मसाला तपकिरी बिअरच्या बाटल्यांत दाबून भरला जायचा. त्याचं नावच बॉटल मसाला. दाब सोसणारी जाड काच मात्र आमच्या एसटी स्टँडवर गोटी सोड्यात दिसायची. हायरम कॉड या इंग्रजाची ही १८७२ ची युक्ती: आतला वायूच गोटीला वर ढकलून तोंड बंद ठेवतो.

बाटली निवडली, आता धुवायची. गरम पाण्यात भिजवून लेबल काढायचं, ब्रशने घासायचं, दोनदा खळबळायचं, कारण साबण राहिला तर फेस बसतो. ज्या बाटलीत एकदा रॉकेल गेलं ती पेयाला कायमची बाद. भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परत गेलेली ६५० मिलीची बाटलीही कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून आणि मग स्वच्छ पाण्यातून जाते. नवी काच करायला दीड हजार अंशांची भट्टी लागते, जुनी वापरायला पाणी. जुनी बाटली वापरणं शहाणपणाचंच. पण ते पाणी कुठलं, हे मराठवाड्यात विचारावं लागतं.

पाटोदा तालुक्याच्या बालाघाटच्या डोंगरांत मांजरा उगम पावते. २०१६ च्या उन्हाळ्यात तिच्यावरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत तोडायला सांगितलं. औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत बिअर होते, ट्रक भरून देशभर जाते. आमच्या वस्त्यांवर टँकर येतो.

आजीने बाटली कधी पाण्याने धुतली नाही. चुलीतली राख आणि मूठभर वाळू आत टाकून ती हलवायची, मग ओतून द्यायची आणि बाटली उन्हात पालथी ठेवायची. रॉकेलला तेवढं पुरतं, आणि घरात पाण्याचे हंडे मोजलेले असायचे.