वाडा मोडतो, चौकट उरते

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव हे रघुनाथराव पेशव्यांचे आवडते वास्तव्यस्थान होते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचे राजकारण संपले. त्यानंतर गोदावरीच्या याच परिसरात त्यांनी उरलेले दिवस काढले आणि १७८३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे येथे दोन वाडे होते. कोपरगावच्या वाड्यात इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. तीन मैलांवरील हिंगणीचा वाडा मात्र मोडण्यात आला आणि त्याचे साहित्य विकण्यात आले. इंग्रजकालीन गॅझेटियरने ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे. ते साहित्य कोणी घेतले आणि कोठे नेले, हे ती ओळ सांगत नाही.

मोडलेल्या वाड्यात विकण्याजोगे काय असते, असा प्रश्न आजच्या सिमेंटच्या घरात राहणाऱ्यास पडेल. सिमेंटचे घर पाडले की राडारोडा उरतो. जुन्या वाड्याची गोष्ट वेगळी होती. घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट असा त्याचा सांगाडा असे. दोन खांबांमधील जागेला खण म्हणत आणि घराचा विस्तार खणांत मोजत. लाकडे एकमेकांत खाचा पाडून बसवलेली असत. त्यामुळे जाणता सुतार तो सांगाडा जसा उभा करी, तसाच उतरवूही शके. नक्षीदार खांब, महिरपी, गणेशपट्टीची चौकट, दिंडीचा दरवाजा, पितळी कड्या, देव्हारा, झोपाळा हे सारे सुटे होऊन दुसऱ्या घरी जाऊ शके. अवर्षणाच्या मुलखात चांगले सागवान सहजी मिळत नसे. म्हणून जुनी तुळई टाकून देण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. एका घराची तुळई दुसऱ्या घराचा आधार होई, यात गैर काहीच नव्हते. किंबहुना ती आपल्या पूर्वजांची काटकसर होती.

इमारतीचे अवयव असे एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्याचा सर्वांत बोलका पुरावा आपणा ख्रिस्ती वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांपुढे टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराची घंटा १७२१ ची आहे. भीमाशंकरची घंटा १७२९ ची. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्याजवळ, कृष्णेच्या घाटावर असलेली घंटा १७०७ ची असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आजही दिसते.

या घंटांकडे वसईच्या माणसाने कोणत्या नजरेने पाहावे? त्या भक्तांनी दान केलेल्या नाहीत, युद्धात नेलेल्या आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या वेळी त्या ओतल्या गेल्या, त्या वेळचे पोर्तुगीज राज्यही इथल्या परधर्मीयांशी न्यायाने वागणारे नव्हते, हेही लपवण्याचे कारण नाही. त्या परत मागाव्यात असे आम्हांस वाटत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्यांनी त्या नेल्या, त्यांनी त्यांवरील साल आणि आकृती घासून काढल्या नाहीत. मेणवलीच्या घाटावर मरिया मरियाच राहिली. घंटेने मालक बदलला, पण आपले जन्मगाव ती विसरली नाही.

गोव्यातही असेच घडले. १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर जुन्या गोव्यातील मठ ओस पडले. संत अगस्तीनच्या मठाचे छत १८४२ मध्ये कोसळले. तेथील मोठी घंटा आग्वादच्या दीपगृहाकडे गेली आणि तेथून १८७१ मध्ये पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये आली. इन्क्विझिशनच्या वाड्यातील क्रूस आधी पणजीच्या राजवाड्यात आणि १९१८ मध्ये फोंतेन्हसमधील संत सेबास्तियनच्या कपेलात पोहोचला. हा प्रवास आपण सांगू शकतो, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तो लिहून ठेवला.

हिंगणीच्या वाड्याचे नेमके येथेच वेगळे झाले. त्याच्या लाकडावर साल नव्हते आणि विकणाऱ्याने ते कागदावरही ठेवले नाही. त्याचा एखादा खांब आजही कोणाच्या ओसरीला आधार देत असेल. पण तो आता मुका आहे.

वाडा वाचवता येत नसेल तर निदान त्याची ओळख वाचवावी, हे पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी ओळखले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते गावोगाव फिरून गोळा केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने उभारलेला हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियुस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन उघडले, ते याच विचाराने: खेड्यातील जुनी घरे उतरवून आणायची आणि ती कोणत्या प्रांतातली आहेत, हे सांगत पुन्हा उभी करायची.

आज जुन्या चौकटीला पूर्वीपेक्षा अधिक भाव आहे. वारसांच्या वाटण्या होतात, वाडा पडतो आणि देवघराची महिरप शहरातील एखाद्या हॉटेलात आरशाची चौकट होऊन बसते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूही पुरावशेषांत धरल्या आहेत. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परंतु कायदा वस्तूला देशाबाहेर जाण्यापासून अडवील. तिची आठवण जपणे कायद्याच्या हाती नाही.

ते आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरचा वाडा उतरणार असेल, त्यांनी विकू नये असे आम्ही म्हणत नाही. पोट भरलेल्याने असा उपदेश करणे सोपे असते. पण लाकूड उतरवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, खण मोजून नकाशा करावा, गावाचे व घराण्याचे नाव आणि साल तुळईच्या आतल्या अंगाला कोरावे, एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी. आपल्या जुन्या चर्चची वेदी किंवा बाके बदलताना धर्मग्रामांनीही हाच नेम पाळावा. घेणाऱ्यानेही ‘हे कोठले?’ असे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एवढे केले, तर पुढे कोण्या परक्या ओसरीवर उभा असलेला खांबही विचारणाऱ्याला आपल्या गावाचे नाव सांगू शकेल.