कोंबडी कोणाची?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तहनामे येतात. पालघरचा इतिहास सांगायचा झाला तर कुणी वसईच्या कोटाकडे बोट दाखवील, कुणी केळवे-शिरगावचे किल्ले सांगेल, कुणी सोपाऱ्याचा स्तूप. ते ठीकच आहे. पण ज्यांच्यापाशी किल्ला नव्हता, की कागदावर वीतभर जमीन नव्हती, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? माझे म्हणणे असे, की तो त्यांच्या खुराड्यात शोधावा. परसात चार कोंबड्या चरत असतात. त्यांच्याकडे पाहून एकच प्रश्न विचारावा: ही कोंबडी कोणाची?

हा पक्षी माणसाच्या दारी आला कसा, ते आधी पाहू. कोंबडी प्रथम सिंधूच्या खोऱ्यात माणसाळली, असे पुष्कळ वर्षे सांगत. आता विद्वानांचे मत बदलले आहे. ब्रह्मदेश, थायलंड आणि दक्षिण चीन या टापूतल्या तांबड्या रानकोंबड्यापासून ती आली, असे २०२० साली रक्तबीजांच्या तपासणीतून दिसले. २०२२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. थायलंडातल्या बान नॉन वाट या जुन्या वस्तीत सापडलेली कोंबडीची हाडे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि रानातला हा पक्षी माणसाजवळ आला तो भाताच्या दाण्याच्या लोभाने, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. आपला मुलूखही भाताचाच. खळ्यात मळणी चालली की कोंबड्या कशा धावतात, ते कुणाला ठाऊक नाही?

आपल्या सह्याद्रीत आरवतो तो करडा रानकोंबडा निराळा. पण त्याचाही वाटा आपल्या खुराड्यात आहे. घरच्या कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग या करड्या कोंबड्याच्या रक्तातून आला, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्यात दक्षिण हिंदुस्थानच्या रानाचा अंश आहे, असे खुशाल म्हणावे.

आता आपल्या पाड्यावर येऊ. वारली, कोकणा, मल्हारकोळी, कातकरी यांच्या घरी कोंबडी पाळायला भांडवल लागत नाही. दिवसा ती किडा-मुंगी, सांडलेली कणी, कोंडा यांवर पोट भरते. रात्री कुडाच्या घरात डालग्याखाली झाकली की झाले. वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. खुडूक बसली की घरची बाई तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते आणि एकवीस दिवस वाट पाहते. पिल्ले निघाली की घार, मुंगूस आणि रानमांजर यांचा हिस्सा आधी जातो. उरतील ती आपली.

या उरलेल्यांवर हक्क घरच्या बाईचा. आठवडी बाजारात एक कोंबडा गेला की त्यातून मीठ, मिरची, तेल येते, पोराची पाटी-पुस्तके येतात. एखादीपाशी कोंबडी नसेल तर शेजारीण आपली तलंग अर्धलीने देते. निघालेली निम्मी पिल्ले हिची, निम्मी तिची. देवाचा हिस्साही असतोच. हिरवा देव, वाघोबा, गावदेवी यांच्या नवसाला कोंबडा लागतो, आणि पाहुणा आला तर घराची अब्रू कोंबडाच राखतो. एवढ्याशा कळपात बाजार, देव, पाहुणचार आणि शेजारधर्म, सारे सामावले आहे.

पण एक काळ असा होता की ही कोंबडी तिच्या धनिणीची नव्हती. डहाणू, उंबरगाव, पालघर या भागात जमीनदार आणि सावकारांची वेठ चाले. लग्नासाठी चार पैसे काढले की नवरा-बायको जन्मभर राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात सायमिंग्टन या अधिकाऱ्याने ही वेठ आणि मारहाण स्पष्ट लिहून ठेवली. ज्याच्या घामाला मोल नाही, त्याच्या कोंबड्याला कोण मोल देणार? शेठचा माणूस आला, जंगलखात्याचा शिपाई आला, की दारातला कोंबडा उचलावा आणि चालू लागावे. विचारायची सोय नव्हती.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोजाखेरीज कामाला जायचे नाही, असा ठराव झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. वेठ मोडली ती अशी किंमत देऊन. पुस्तकांत या लढ्याची नोंद मजुरीचा लढा म्हणून होते, ती बरोबरच आहे. पण दारातला कोंबडा आपल्या इच्छेने विकणे किंवा न विकणे, हेही त्याच लढ्याचे फळ आहे, हे मुलांना सांगायला हवे.

माणसाची वेठ मोडली, पण दुसरा एक लुटारू उरलाच. तो म्हणजे मर. चार दिवसांत अख्ख्या पाड्याचे खुराडे रिकामे करतो. कोंबडी मान वाकडी करते, हिरवी हगते आणि पडते. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. कुमाऊँतल्या राणीखेत गावी १९२७ साली तो ओळखला गेला, म्हणून सरकारी नाव राणीखेत. इंग्लंडात न्यूकॅसलला तो आदल्याच वर्षी दिसला होता. रोग एकच, नावे दोन. त्यावरची लस १९४० नंतरच्या दशकात आपल्याच देशात तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालापासून, सामुदायिक विकास योजना आली. तिच्याबरोबर लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड जातीचे सुधारलेले कोंबडे गावोगाव आले. हेतू चांगला होता. अंडी वाढली. पण परसात एक अडचण निघाली. पांढरी लेगहॉर्न घारीला लांबून दिसते, आणि मुख्य म्हणजे ती खुडूक होत नाही. खुडूक नाही तर पिल्ले नाहीत, आणि पिल्ले नाहीत तर बाईला दर वेळी बाहेरून पक्षी विकत घ्यावा लागतो. पिंजऱ्यातल्या धंद्याला ही जात फार उपयोगी पडली. परसाला गावठीच धार्जिणी ठरली. पुढे बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराज अशा रंगीत जाती खास परसासाठी निघाल्या. शहाण्या बायका त्यांची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात आणि दोहोंचा फायदा घेतात.

याच काळात किनाऱ्यावर मोठे बदल झाले. १९६९ सालापासून तारापूरच्या केंद्रातून देशातली पहिली अणुवीज मिळू लागली. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे त्याच केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ते संच २००५ आणि २००६ साली सुरू झाले. गाव उठते तेव्हा घराची मोजणी होते, झाडांची मोजणी होते. परस मात्र मोजता येत नाही. प्लॉटाला प्लॉट लागून घरे झाली की कोंबडी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाते आणि भांडण होते. कारखान्याच्या चाळीत तर खुराड्याला जागाच नाही. तिथे अंडी येतात ती ट्रकने.

म्हणून परसातली कोंबडी संपली का? नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि २०१२ च्या मानाने परसातला आकडा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. बोईसरच्या बाजारातही गावठी अंड्याला पिंजऱ्यातल्या अंड्याहून अधिक दाम मिळतो.

मग आज अडते कुठे? लसीपाशी अडते. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात-नाकात लासोटा लसीचा थेंब, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीची टोचणी, इतकेच काम आहे. पण लसीची कुपी असते सहसा शंभर पक्ष्यांची. फोडली की थोड्या वेळात वापरावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पाच कोंबड्यांच्या धनिणीसाठी ती कोण फोडणार? म्हणून ती लसीविना राहते आणि मर आली की रिकामी होते. याला उपाय एकच. पाड्याने मिळून दिवस ठरवावा, सगळ्यांच्या कोंबड्या पहाटे डालग्याखालीच अडवून ठेवाव्यात, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी निरोप द्यावा. वीस घरे एकत्र आली तर कुपी वाया जात नाही. झरीला जी एकी झाली, तिच्या मानाने ही एकी अगदी सोपी आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गातल्या मुलांना घरी आजीला तीन गोष्टी विचारायला सांगा. तुझ्या लहानपणी घरात कोंबड्या किती होत्या, त्यांतल्या कोण नेत असे, आणि विकल्याचे पैसे कुणाच्या हाती येत? उत्तरे वहीत उतरवून घ्या आणि साल आठवत असेल तर शेजारी लिहा. ज्यांचे नाव तहनाम्यात नाही, त्यांचा इतिहास त्या वहीत जमा होईल. आणि पुढच्या लसीच्या दिवशी कोणत्या घरी किती पक्षी आहेत, हेही तीच वही सांगेल.