कॉर्निश भाषेच्या अस्ताचा काल

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल प्रांतात पॉल गावच्या चर्चच्या आवारभिंतीत डॉली पेंट्रीथ हिचे स्मारक आहे. लुई-ल्यूस्यां बोनापार्ट याने ते १८६० मध्ये उभारविले. १७७७ मध्ये निवर्तलेली ही मासळी विकणारी वृद्धा कॉर्निश बोलणारी अखेरची व्यक्ती होय, ही समजूत त्याने दृढ केली. शिळेला तळटीप जोडता येत नाही! विल्यम बोडिनार या कोळ्याचे १७७६ चे कॉर्निश पत्र उपलब्ध असून तो १७८९ पर्यंत हयात होता.

मुळात भाषेचा अस्त एका व्यक्तीच्या मृत्यूने मोजणेच सदोष होय. निर्णायक वर्ष १५४९ चे मानावे लागते. सहाव्या एडवर्डच्या राजवटीने लॅटिन उपासनेच्या जागी इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा केला, तेव्हा आमच्यापैकी काहींना इंग्रजी कळत नाही, असे बंडखोरांनी आपल्या मागण्यांत नमूद केले. बंड शस्त्रबळाने मोडले गेले. भगिनीभाषा वेल्श हिला १५८८ मध्ये संपूर्ण बायबल लाभले; कॉर्निशला लाभले नाही. दोहोंच्या भवितव्यांतील अंतर मुख्यत्वे येथूनच पडले, असे आमचे मत आहे.

हेन्री जेनर यांचे कॉर्निशविषयक पुस्तक १९०४ मध्ये निघाले. २००२ मध्ये ब्रिटिश शासनाने युरोपीय सनदेखाली या भाषेस मान्यता दिली. ग्रामनामांतील ‘त्रे’ (वस्ती), ‘पोर्थ’ (बंदर) हे शब्द मात्र मधल्या काळातही प्रत्येक इंग्रजीभाषकाच्या तोंडी होतेच.