अंकुश, बट्टा आणि पारख

इंग्लंडमधील जुन्या चांदीच्या भांड्याच्या तळाशी चार-पाच बारीक ठसे ओळीने आढळतात. चालता सिंह हजारी 925 भाग शुद्ध चांदीची ग्वाही देतो, बिबट्याचे मुख लंडनच्या परीक्षागृहाचे, एक अक्षर परीक्षेच्या वर्षाचे, आद्याक्षरे कारागिराची. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजमुखाचाही ठसा असे. ‘हॉलमार्क’ हा शब्दच मुळी लंडनच्या सुवर्णकार-संघाच्या ‘हॉल’वरून आला.

हिंदुस्थानात त्या काळी भांड्यांची अशी सरकारी परीक्षा नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारख्या पेढ्या हत्ती, अक्षर असे स्वतःचेच ठसे उठवून तिचा आभास मात्र निर्माण करीत! आपल्याकडे चांदीची हमी पाहावयाची ती नाण्यावर.

पुण्याच्या टांकसाळीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा फारसी लेख असून स्थलनाम ‘मुहियाबाद पुणे’ असे आहे. साचा चकतीहून मोठा असल्याने लेख बहुधा तुटकच उमटे. नाणे ओळखले जाई ते अंकुशाच्या लहानशा आकृतीवरून, आणि लोकांनी नावही त्यावरूनच दिले : अंकुशी. 1818 मध्ये पेशवाई गेल्यावरही इंग्रजांनी काही वर्षे अंकुशी पाडणे चालू ठेवले. ठशाची पत राज्याहून टिकाऊ ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

पिलाजी जाधवरावांच्या वाघोलीसारख्या, आज पुणे शहरात मोडणाऱ्या गावी हा फारसी लेख वाचणार किती? तेथे गावगाड्यातील पोतदार, बहुधा सोनारच, नाणे पारखी. ‘पोतदार’ हा शब्द फारसी ‘फोतादार’पासून, म्हणजे खजिनदारापासून आलेला. खजिना सांभाळणाऱ्याचे नाव आपल्याकडे पारख करणाऱ्यास लागले, हा अर्थबदल लक्षणीय आहे. ‘रुपया’चे मूळ ‘रूप्य’. पाणिनीने या शब्दाचा ‘ठसा उठविलेले’ असा अर्थ नोंदविला आहे. शब्दाच्या मुळाशी धातू नसून ठसा आहे. नाण्याच्या मूल्यातील वजावट म्हणजे बट्टा. तोच पुढे माणसाच्या नावालाही लागू लागला.

जुन्या हिशेबांवर काम करणाऱ्यांनी येथे सावध राहावे. कागदात अंकुशी आणि चांदवडी रुपये शेजारी शेजारी आले, तर बट्टा विचारात न घेता त्यांची बेरीज करता येत नाही. 1835 च्या कायद्याने 180 ग्रेनचा, बारांत अकरा भाग चांदीचा कंपनी रुपया प्रमाण ठरला. त्यापूर्वीच्या प्रत्येक रकमेपाशी नाणे कोणते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.