एकास बारा

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या जुन्या इमारती उंच जोत्यावर उभ्या असतात. पावसाचे पाणी आत येऊ नये हे एक कारण, इमारतीचा रुबाब हे दुसरे. तीन फूट जोते म्हणजे सहा पायऱ्या. तेवढेच तीन फूट व्हीलचेअरवरून चढायचे तर किमान छत्तीस फूट लांबीचा रॅम्प हवा: एक फूट उंचीला बारा फूट अंतर. एकास बारा हे प्रमाण आपल्या नियमपुस्तिकांत आहे आणि इतर अनेक देशांतल्याही. विभागाच्या मागच्या दारी पाच-सात फुटांत उरकलेला सिमेंटचा उतार बहुतेक वाचकांनी पाहिलेला असेल. त्यावरून खुर्ची चढत नाही, पण कागदावर रॅम्प झालेला असतो.

हे प्रमाण ज्या संशोधनातून नियमात आले ते एका विद्यापीठात झाले होते, आणि ती गोष्ट फारशी दयाळू नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकी सरकारने उचलला आणि कॉलेजांत जागा पुरेना. इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्ग गावातल्या एका लष्करी इस्पितळात आपली शाखा उघडली. मुळात इस्पितळच असल्याने इमारती बैठ्या आणि लांब व्हरांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. कमरेखालचे अंग लुळे पडलेले माजी सैनिक कुणाला न विचारता इथे वर्गात जाऊ शकत. १९४८ मध्ये टिमथी न्यूजंट या तरुणाने त्यांच्यासाठी तिथे स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. १९४९ मध्ये ती शाखाच बंद झाली. विद्यार्थी व्हीलचेअर घेऊन स्प्रिंगफील्डला, राज्याच्या राजधानीत, दाद मागायला गेले. अखेर उरबानाच्या मुख्य आवारात त्यांना घेतले गेले, तेही प्रयोग म्हणून आणि तात्पुरत्या बराकींत. पुढे एकेका इमारतीला रॅम्प लागले, खुर्चीसकट चढता येईल अशा बसगाड्या आल्या. उतार किती असला म्हणजे माणूस न थकता चढतो, दार किती रुंद असले म्हणजे हाताची बोटे चौकटीला घासत नाहीत, हे त्याच आवारात मोजले गेले. त्यातून १९६१ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. रॅम्प एकास बारापेक्षा उभा नको आणि दार उघडल्यावर निदान बत्तीस इंच मोकळी वाट हवी, असे त्यात आहे.

न्यूजंट यांचे हे काम मोठेच आहे. पण त्यांचा विद्यार्थी कोण होता तेही पाहिले पाहिजे. खुर्ची ज्याची त्याने ढकलावी, मदत मागू नये, असा त्यांचा दंडक होता. आपली कामे आपल्याला करता येतात हे प्रवेश घेणाऱ्याला दाखवून द्यावे लागे. ज्याला कपडे घालायलाही दुसऱ्याचे हात लागत, त्याच्यासाठी हा कार्यक्रम नव्हता. मानकातला माणूस मजबूत खांद्यांचा आहे, हे त्या मोजमापांतून सहसा ध्यानात येत नाही.

दुसरा माणूस बर्कलीत आला. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर गेले. रात्री त्यांना आयर्न लंगमध्ये, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या लोखंडी नळकांड्यात, झोपावे लागे. नोकरी करण्याजोगे ते कधीच होणार नाहीत, असे सांगून राज्याच्या पुनर्वसन खात्याने आधी खर्च नाकारला होता. १९६२ च्या शरद ऋतूत कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना घेतले. त्याच सुमारास मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी मार्शलांच्या पहाऱ्यात पाऊल ठेवत होता. रॉबर्ट्स यांच्या नळकांड्याचे वजन वसतिगृहांना पेलेना, म्हणून त्यांची सोय कॉवेल या आवारातल्या इस्पितळात झाली. वर्गाच्या पायऱ्या ते मदतनिसांच्या हातांवर चढत.

हळूहळू कॉवेलमध्ये असे दहा-बारा जण जमले आणि त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवून घेतले. १९७० मध्ये त्यांनी विद्यापीठातच एक कार्यालय उभे केले. बिघडलेली खुर्ची तिथे दुरुस्त होई आणि मदतनिसांची यादी मिळे. कोणाला कामावर ठेवायचे, कोणाला काढायचे हे विद्यार्थी स्वतः ठरवत, आणि कार्यालय चालवणारेही अपंगच होते. मदत घेणारा माणूस मालक असू शकतो, हे मला त्या काळातले सर्वांत धाडसी पाऊल वाटते. इलिनॉयने इमारत बदलली. बर्कलीने इमारतीत कोण येऊ शकतो याची समजूत बदलली. ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स यांना नाकारले होते, त्याचे ते १९७५ मध्ये संचालक झाले.

भारतात हा धागा आणणाऱ्यांत जावेद अबिदी हे एक. अलीगढमध्ये जन्मलेले अबिदी अमेरिकेत ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकले. तिथल्या बहुतेक इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत; व्हीलचेअरवरचा विद्यार्थी बर्फातही सपाटीवरून वर्गात पोचतो. परतल्यावर त्यांनी दिल्लीत साथीदारांसह कायद्यासाठी रेटा लावला आणि १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा संसदेत मंजूर झाला. (आजचा सरकारी शब्द ‘दिव्यांग’ आहे. अनेक अपंग संघटनांनी त्याला हरकत घेतली, म्हणून मी तो टाळतो.) त्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प, व्हीलचेअर जाईल अशी स्वच्छतागृहे, लिफ्टमध्ये ब्रेल असे सगळे होते. पण कलमाच्या सुरुवातीलाच आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत हे करावे, असे म्हटले होते. एवढ्या शब्दांत रॅम्प वीस वर्षे अडकून राहू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी राहिलाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. विद्यापीठाच्या पायरीवर उपाय शोधायचा तर ती चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. अबिदींच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपने २००६ मध्ये याचिका केली ती कायद्याच्या महाविद्यालयांतल्या राखीव जागांसाठी. नंतर तिचा आवाका सगळ्या उच्च शिक्षण संस्थांपर्यंत आणि इमारती व अध्यापनापर्यंत वाढला. निकाल १५ डिसेंबर २०१७ ला लागला. मार्च २०१८ मध्ये अबिदी गेले.

दरम्यान २०१६ चा नवा कायदा आला. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा, असे तो सांगतो. नियम जून २०१७ मधले, म्हणजे मुदत २०२२ ला सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांपैकी पंधरावा नियम रद्द केला. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र शिफारशींवर भागवतो, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश सरकारला मिळाला.

हे झाले इलिनॉयच्या वाटेचे. बर्कलीच्या वाटेने आपण कमी चाललो. लेखनिकाचा हक्क हा तिचा एक तुकडा. हात आखडत असूनही चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही, म्हणून लेखनिक नाकारला गेलेल्या विकास कुमार यांना २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मिळवून दिला. पण परीक्षेचे तीन तास सोडले तर उरलेल्या वर्षाचे काय? वर्गातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून स्वच्छतागृहात नेणारे हात बहुतेक घरचेच असतात. रॅम्प नीट एकास बारा असलेल्या इमारतीतही व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन एखादी आई तास संपण्याची वाट पाहत बसलेली असते. तिला पगार नाही, ओळखपत्र नाही, आणि तिच्या मुलाला तिला रजा देता येत नाही.